गहाण

गेल्या महिन्यात बँकेतून फोन आला. "मॅडम, तुमचे ओरिजिनल पेपर्स आलेत, येऊन घेऊन जा." ठाण्याच्या घराचं कर्ज एकदाचं फिटलं होतं. आम्ही दोघं गेलो. काउंटरवरची मुलगी आम्ही हे कर्ज घेतलं तेव्हा बहुधा बालवाडीत असेल. तिने एक जाडजूड पाकीट पुढे सरकवलं आणि यादीवर सह्या घेतल्या. करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. दिले तसेच कागद, फक्त कडा थोड्या पिवळ्या पडलेल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला आणि चूक बँकेची असली तर दिवसाला ५,००० रुपये. आमचे अठ्ठाविसाव्या दिवशी मिळाले. नवरा म्हणाला, "अजून आठवडाभर थांबवलं असतं तर फ्रिज आला असता." :)

मला मात्र रिक्षात बसल्या बसल्या आजोबा आठवले.

२००५ मध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. पेढे घेऊन गिरगावात गेले. घर किती खोल्यांचं, पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "कागद कुठायत?"

"बँकेत."

"म्हणजे गहाण."

"आजोबा, होम लोन म्हणतात त्याला. सगळेच घेतात हल्ली."

ते काही बोलले नाहीत. पेढा हातातच राहिला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? आनंदाच्या दिवशी हा शब्द कशाला काढायचा, असं वाटलं. तो शब्द त्यांच्यापर्यंत कुठून आला होता ते मला त्यांच्यामागे कळलं, आणि तिथून ही सगळी शोधाशोध सुरू झाली.

आजोबा गेल्यावर खोली आवरताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेत एक मोडीतला कागद सापडला. आमच्या घरात कुणालाच मोडी येत नाही. ओळखीतल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी वाचून दिला. श्रीगोंदे तालुक्यातली आमची चार एकर जमीन आजोबांच्या आजोबांनी दीडशे रुपयांना 'मुदत खरेदी' लिहून दिली होती. म्हणजे दिसायला विक्री. ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, नाही तर सावकाराची. मुदत संपली, जमीन गेली. आमच्या आजोबांच्या वडिलांनी आयुष्यभर त्याच जमिनीवर वाट्याने काम केलं आणि आजोबा १९३४ च्या सुमारास मुंबईला आले. कागदाला काही किंमत उरली नव्हती, तरी तो सत्तर वर्षं ट्रंकेत का ठेवला असेल? विचारायला माणूस नाही.

आता हा श्रीगोंदे तालुका म्हणजे 'दख्खनचे दंगे' झालेला भाग. शाळेत आपण हे दोन ओळींत शिकतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत तेच घडलं. लोकांना हवे होते कागद. दस्तऐवज, रोखे, गहाणखतं बाहेर काढून त्यांच्या होळ्या केल्या. सावकाराने कागद दिले तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगाला हातही लावला नाही. पिढ्यानपिढ्या सावकार होताच की, मग तेव्हाच हे का झालं? अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यावर कर्जं वाढली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारने सारा वाढवला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इंग्रजांची कोर्टं. पूर्वी सावकाराला गावात राहायचं असे, त्यामुळे गावाचा धाक असे. आता तो अंगठा उठवलेला कागद घेऊन कोर्टात जाई आणि हुकूमनामा घेऊन येई. न्यायाधीश कागद बघे, त्यामागचा हिशेब बघत नसे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला. सावकारी काही थांबली नाही. आमच्या ट्रंकेतला कागदच साक्ष आहे.

पुढे १८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला, तो अजून चालू आहे. त्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे सहा प्रकार दिले आहेत. त्यात आपलं साधं गहाण आहे, ताबा देऊन केलेलं गहाण आहे, आमच्या पणजोबांच्या वडिलांना बुडवणारी शर्तीची विक्रीही आहे. आणि एक मजेशीर प्रकार आहे: गहाणखत न लिहिता नुसते मालकीचे मूळ कागद सावकाराच्या हाती सोपवायचे, की झालं गहाण. मूळ कायद्यात ही सोय कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या बंदरांपुरतीच होती. व्यापाऱ्याला आज दुपारी पैसे हवेत, नोंदणी कचेरीत कोण खेटे घालणार, म्हणून. खेड्यातल्या शेतकऱ्याला ती नव्हती. आज मुंबई-ठाण्यात तुम्ही-आम्ही होम लोन घेतो तेव्हा बहुतेक वेळा हेच होतं. बँकेच्या टेबलावर फाइल ठेवायची आणि 'हे कागद मी तारण म्हणून ठेवले' अशा अर्थाच्या कागदावर सही करायची. कापसाच्या शेटजींसाठी केलेल्या सोयीवर मध्यमवर्गाचे वन बीएचके उभे आहेत. आजोबांनी बरोबर प्रश्न विचारला होता. किती कर्ज, किती व्याज हे त्यांनी विचारलंच नाही. कागद कुठायत, एवढंच विचारलं.

तर आजोबा मुंबईत आले आणि १९३९ मध्ये गिरगावातल्या चाळीत त्यांनी खोली घेतली. भाडं महिना ११ रुपये. पागडी नाही, डिपॉझिट नाही. त्या वेळी चाळींवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत असत म्हणे. आज हे वाचून हसू येतं. पण महायुद्ध सुरू झालं, शहरात माणसं वाढली, सिमेंट-लोखंड मिळेना, आणि पाट्या उतरल्या त्या कायमच्या.

मुंबईत घराची चणचण त्याच्याही आधीपासूनची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर-माटुंग्याचे आखीव प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. या सगळ्यात 'मालकीचं घर' ही कल्पना नव्हतीच. मुंबईत घर भाड्याचंच असायचं, आणि मालकीचं म्हटलं की ते गावाला.

याला एक अपवाद फार सुंदर आहे. १९१२ च्या सहकारी कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मुभा दिली. त्याचा फायदा घेऊन १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी एक गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे मुख्य कार्यकर्ते. आशियातली पहिली गृहनिर्माण सोसायटी म्हणून ती ओळखली जाते. इमारत सोसायटीची आणि सभासद तिचे भाडेकरू, म्हणजे मालकही आपणच आणि भाडेकरूही आपणच. एकट्याला कर्ज देणारं कुणी नव्हतं, सगळ्यांनी मिळून घेतलं तर देणारे होते. आज आपण ज्या 'सोसायटी'च्या नावाने बोटं मोडतो, पार्किंग आणि गळतीवरून भांडतो, ती मुळात कर्ज मिळवण्याची युक्ती होती, हे मला तरी माहीत नव्हतं.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरची तात्पुरती सोय म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक टिकला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येऊ लागली. या कायद्याला नावं ठेवणं सोपं आहे. अकरा रुपयांत दुरुस्ती कोण करणार? मालकांनी हात वर केले, इमारती पडू लागल्या, सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि शहरातल्या अशा १९,६४२ इमारतींवर उपकर बसला. नवीन चाळी भाड्याने द्यायला बांधणं बंदच झालं. आणि कायद्यात बंदी असूनही पागडी फोफावली. खोली सोडणारा रोख रक्कम घेणार, त्यातला वाटा मालकाला, पावती कुणालाच नाही. (१९९९ च्या कायद्याने ती रीतसर केली, म्हणजे पन्नास वर्षं सगळं शहर करत होतं ते शेवटी मान्य केलं.)

पण याच कायद्याने आमचं घर चाललं हेही खरं. अकरा रुपयांच्या खोलीत आजोबांनी चार मुलं शिकवली. बाहेर पडता येत नव्हतं आणि कुणी बाहेर काढूही शकत नव्हतं. एकशेऐंशी फुटांत आठ माणसं. बाबा गॅलरीत झोपायचे, पावसाळ्यात जिन्यात. त्यांचं लग्न झालं तेव्हा आत्या आणि काका शेजारच्या बिऱ्हाडात झोपायला जात. 'मुंबईचा जावई' हा १९७० चा सिनेमा आमच्याकडे कुणी विनोदी मानत नाही.

आणि इथे ती गोष्ट येते, जिच्यावरून बाबा आणि आजोबा पुढे कित्येक वर्षं तुटक बोलत. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आजोबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मुलुंडला सोसायटी काढायचं ठरवलं. जमीन बघितली, वर्गणी ठरली. बाकीचे पैसे सोसायटी जमीन गहाण टाकून कर्जाऊ घेणार आणि सभासद हप्त्याने फेडणार. आजोबांनी पहिली वर्गणी भरली होती. कागदावर सही करायच्या दिवशी ते गेले, कागद वाचला, परत आले आणि वर्गणी मागे घेतली. "गहाणखतावर माझी सही होणार नाही," एवढंच कारण. त्यांचे शेजारी बसणारे सहकारी त्या सोसायटीत दोन खोल्यांत राहायला गेले. त्यांच्या नातवाने मध्यंतरी ती जागा रिडेव्हलपमेंटला दिली, त्याचे आकडे मी इथे लिहीत नाही. बाबांसमोर तो विषय कुणी काढत नाही.

बाबांनी स्वतः घर घेतलं १९७६ मध्ये, डोंबिवलीला. तोवर 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द मुंबईत रुळला होता. भाड्याने बांधणं तोट्याचं झाल्यावर बिल्डरांनी एकेक फ्लॅट विकायला सुरुवात केली. मात्र खरेदी करणाऱ्याच्या हातात नक्की काय पडतं हे धड कुणालाच सांगता येत नव्हतं. तक्रारी इतक्या वाढल्या की १९६३ मध्ये महाराष्ट्राने मोफा हा कायदा केला. लेखी, नोंदलेला करार झाल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, नकाशे दाखवायचे, सोसायटी करून द्यायची आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करून द्यायची. कायदा चांगला होता. पाळला किती गेला हे त्या काळात घर घेतलेल्या कुणालाही विचारा. त्यातच १९७६ मध्ये नागरी कमाल जमीनधारणा कायदा आला. मुंबईसारख्या शहरात ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारजमा व्हावी आणि गरिबांना घरं मिळावीत असा हेतू होता. प्रत्यक्षात जमिनी कज्जात आणि सवलतींच्या फायलींत अडकल्या, बाजारात येईनाशा झाल्या. महाराष्ट्राने तो रद्द केला तो थेट २००७ मध्ये.

बाबांच्या घराची किंमत २४,००० रुपये, एक खोली आणि स्वयंपाकघर. बँका घरासाठी कर्ज देत नसत. पैसा उद्योगाला, शेतीला. राहतं घर म्हणजे अनुत्पादक खर्च. मग बाबांनी काय केलं? प्रॉव्हिडंट फंडातून उचल, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज, मोठ्या आत्याच्या यजमानांकडून हातउसने, आणि तरी तीन हजार कमी पडले. ते आईने आणले. तिच्या पाटल्या ठाकुरद्वारच्या सराफाकडे गहाण ठेवून. आजोबांना सांगितलं की पाटल्या सासरच्या लॉकरमध्ये... म्हणजे आईच्या माहेरी ठेवल्यात. दोन वर्षांनी सुटल्या. हे मला आईने २००५ मध्ये सांगितलं, त्या पेढ्यांच्या दिवशी, परतीच्या गाडीत.

बाबांचं नशीब बघा. त्यानंतर एका वर्षाने, १९७७ मध्ये, एचडीएफसी सुरू झाली. हसमुखभाई पारेख आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेले, वय ६६. त्यांनी तरुणपणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना इंग्लंड जवळून बघितलेलं. तिथे 'बिल्डिंग सोसायट्या' फार जुन्या. १७७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका खानावळीत जमणाऱ्या मंडळींनी दरमहा वर्गणी काढून पाळीपाळीने एकेकाचं घर बांधायचं ठरवलं, तिथपासूनची परंपरा. (आपली भिशीच की!) सुप्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. तर हसमुखभाईंना वाटलं की पगारदार माणसाने निवृत्तीला फंड मिळाल्यावर घर का घ्यावं, ऐन तरुणपणी का घेऊ नये? लोक हसले. समभाग विक्रीला काढले तर पुरते खपलेही नाहीत. १९७८ मध्ये पहिलं कर्ज दिलं ते मालाडच्या एका घरासाठी, ३०,००० रुपये, साडेदहा टक्क्यांनी.

आणि १९७७ सालीच 'घरौंदा' आला होता. अमोल पालेकर, झरीना वहाब, डॉ. लागू. घरासाठी पै पै जमवणारं जोडपं आणि पैसे बुडवणारा बिल्डर. बाबांनी तो अर्ध्यात सोडला म्हणे. त्यांचा ताबा तेव्हा आठ महिने रखडला होता.

कर्ज मिळू लागलं तरी ते सोपं नव्हतं. घर गहाण असलं तरी हप्ते थकले तर ते विकून पैसे वसूल करायला कोर्टात जावं लागे, आणि आपली कोर्टं! त्यामुळे कर्ज देणारा घराकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघे. पगाराची स्लिप, दोन जामीनदार. काकांनी ८६ मध्ये कर्ज काढलं तेव्हा जामीनदार शोधायला तीन महिने गेले. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, १९८९ मध्ये एलआयसीची गृहवित्त कंपनी. तरीही नव्वदच्या दशकात चौदा-पंधरा टक्के व्याज होतं. खरा पूर आला २००० नंतर. बँका मैदानात उतरल्या, व्याज साडेसात-आठ टक्क्यांपर्यंत उतरलं, स्वतः राहायच्या घराच्या व्याजावरची आयकराची सवलत दीड लाखांपर्यंत गेली, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने थकलेलं कर्ज कोर्टाच्या दारात न जाता वसूल करायचा अधिकार बँकांना मिळाला. या शेवटच्या गोष्टीची जाहिरात कुणी केली नाही. गुळगुळीत कागदावर हसरी जोडपी आणि हातात किल्ली एवढंच दिसायचं. जाहिरातीत 'गहाण' हा शब्द मी कधीच पाहिला नाही.

आम्ही त्याच पुरात पोहलो. ११ लाख कर्ज, साडेसात टक्के, फ्लोटिंग, २० वर्षं, हप्ता ८,८६२. फ्लोटिंग म्हणजे काय ते मी विचारलंही होतं. "मॅडम, रेट खाली आला की तुमचा फायदा." वरच्या दिशेबद्दल काही बोलणं झालं नाही.

हप्त्याचं गणित मला तेव्हा कळत नव्हतं, ते इथे लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दरमहा आधी उरलेल्या मुदलावरचं व्याज कापलं जातं, हप्त्यातून जे उरेल ते मुदलात. एक लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८६८ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ७०८ व्याजाचे आणि फक्त १६० मुदलाचे. अर्धं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. दहा वर्षं झाली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं असं वाटणारे माझ्यासारखे अनेक जण असतील.

आता व्याज वाढलं तर? २००७ च्या मध्यावर आमचा दर दहा टक्क्यांवर गेला. बँकेने हप्ता तोच ठेवला, का तर ग्राहकाला त्रास नको. दोन वर्षं हप्ते भरून लाखामागे साधारण ९५,३०० रुपये मुद्दल उरलं होतं. दहा टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज ७९४ रुपये. आमचा हप्ता लाखामागे ८०६. म्हणजे लाखामागे बारा रुपये फिटत होते! राहिलेली अठरा वर्षं त्रेचाळीस झाली. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, म्हणजे शेवटचा हप्ता पंचाहत्तरीत. दर आणखी जरासा वाढला असता तर हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि दरमहा नेमाने भरूनही कर्ज वाढतच गेलं असतं. हे सांगणारं बँकेचं पत्र दोन ओळींचं होतं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजोबा त्याच पावसाळ्यात गेले होते, आणि पहिला विचार मनात आला तो हा की बरं झालं, त्यांना हे सांगावं लागलं नाही. सावकाराच्या चोपडीत आकडा कसा वाढतो ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही हप्ता साडेदहा हजारांच्या घरात नेला. एक गाडीचा विचार सोडला, मुलीच्या बारशाची सोन्याची चेन मोडली (गहाण नाही, मोडली). दर पुढे खाली आले तेव्हा नव्या ग्राहकांना आले, आमच्यासारख्या जुन्यांना नाही. हे फक्त आमच्याच बाबतीत नव्हतं. रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी २०१० मध्ये बेस रेट, २०१६ मध्ये एमसीएलआर आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या फ्लोटिंग कर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती, अशी एकामागून एक पद्धत बदलली. २०१२ मध्ये बँकांना फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्याला दंड लावायला बंदी झाली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा थोडी रक्कम मध्येच भरली. आणि २०२३ मध्ये नियम आला की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. विचारलं पाहिजे! १८७९ च्या कायद्याची आठवण होते. हिशेब उघडून दाखव, हीच मागणी तेव्हाही होती.

म्हणून बँक आणि सावकार एकच असं मी म्हणणार नाही. सावकाराच्या व्यवहारात आमची जमीन गेली आणि बँकेच्या व्यवहारात आम्हाला घर मिळालं, हा फरक लहान नाही. आजोबांनी मुलुंडला सही केली असती तर बाबांना जिन्यात झोपावं लागलं नसतं. घाबरून त्यांनी घराण्याचं नुकसान केलं, असं बाबा म्हणतात. मी ते पत्र वाचलेल्या रात्रीनंतर तसं म्हणू शकत नाही, आणि बाबांशी वादही घालत नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिने सांगितलं, कागद देवापुढे ठेव आणि मग कपाटात. ठेवले. हळदकुंकू लावू का, हे विचारायचं राहिलं. त्या पाकिटासोबत मी आजोबांचा मोडी कागदही ठेवलाय, प्लॅस्टिकच्या वेगळ्या फोल्डरमध्ये.

कागद चाळताना नवऱ्याने विचारलं, "यात जमिनीचं काही नाही?" नाही. आमच्या इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. मोफाप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने ती सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमची सोसायटी होऊन सतरा वर्षं झाली. बिल्डर टाळत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे परस्पर अर्ज करता यावा म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्या कामाला 'मानीव अभिहस्तांतरण' असं भारदस्त नाव आहे, आमचा वॉचमन त्याला 'कन्व्हेन्सचं लफडं' म्हणतो. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर सभा आहे. गणसंख्या भरली नाही तर साडेदहाला, त्याच जागी.